१,४२,८५७ ची ओळख करून घेताना

आधी स्वल्पविराम पुसून टाक. आपले स्वल्पविराम लाख-हजारांचे असतात. इथे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट हवेत: १४२ आणि ८५७. बहुतेक घोटाळा इथेच होतो.

गटांची वजाबाकी ७१५. तिला ११ आणि १३ ने भाग जातो, ७ ने जात नाही; मूळ संख्येचंही तसंच, कारण मूळ संख्या म्हणजे १४२ × १००१ + ७१५, आणि १००१ = ७ × ११ × १३. गटांची बेरीज ९९९, म्हणजे २७ × ३७; मूळ संख्या १४२ × ९९९ + ९९९ असल्याने तिलाही या दोघांनी भाग जातो. अवयव मिळाले: ३³ × ११ × १३ × ३७.

अंकांची बेरीज २७ आहे आणि संख्येला २७ ने भागही जातो, म्हणून ही हर्षद संख्या. हे नाव आपल्या डहाणूत १९०५ साली जन्मलेल्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी दिलं. मात्र बेरीज २७ आली म्हणून भाग जाईलच असं समजू नकोस. १८९९ करून बघ.

खरी गंमत वर्गात आहे. दुकानातला आठ आकडी कॅल्क्युलेटर इथे पुरत नाही, कागदच घे. १४२² = २०१६४, दुप्पट गुणाकार २ × १४२ × ८५७ = २४३३८८, ८५७² = ७३४४४९. प्रत्येक ओळ खालच्या ओळीपेक्षा तीन घरं डावीकडे सरकव आणि बेरीज कर: २०४०८१२२४४९. अकरा अंक आहेत, तेव्हा मधोमध तोडायला जाऊ नकोस. उजवीकडून सहा अंक मोजून तोड. २०४०८ + १२२४४९ = १४२८५७! वर्गाचे दोन तुकडे मिळवून परत तीच संख्या आली, म्हणून ही कापरेकर संख्या.

आता ८५७१४३ चा वर्ग असाच कर. शेवटचे सहा अंक तेच येतील.