फेणी प्यायल्यावर हँगओव्हर येत नाही म्हणतात, खरं आहे का? आणि तो येऊच नये म्हणून काय करावं?

खरं नाही. व्हिस्कीने येतो, वाइनने येतो, बिअरने येतो, तसाच फेणीनेही येतो. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, आमच्या घरची काजूची भट्टी, वडिलांच्या हातच्या फेणीला चार गावांतून मागणी असायची, तरी मी हेच सांगणार. किनाऱ्यावरच्या दुकानांत ‘डोकं अजिबात दुखणार नाही’ म्हणत पर्यटकांच्या गळ्यात बाटल्या मारतात, ते ऐकून संताप येतो. काजू फेणीला २००९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते तिच्या चवीवर आणि करण्याच्या पद्धतीवर. असल्या थापांची तिला गरज नाही.

पण याच्या उलटा आरोप मला जास्त झोंबतो, आणि तो आमच्याच घरात झालाय.

माझे भावोजी बेळगावचे. एका एप्रिलमध्ये ताईला घेऊन चोर्ला घाट उतरून संध्याकाळी पाचला आमच्याकडे पोचले. भट्टी पेटलेली होती. बोंडू म्हणजे काजूची फळं तुडवून काढलेला रस दोन-तीन दिवसांत आपोआप आंबतो, तो भाणात, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या भांड्यात, उकळला की पहिल्या धारेला हुर्राक मिळते. हुर्राकमध्ये पुन्हा आंबलेला रस घालून दुसऱ्यांदा गाळली की फेणी. बाबा त्या दिवशी निखारे मागे ओढून आच कमी करत बसले होते, कारण आच वाढली की रस करपतो आणि धारेला जळका वास लागतो. भावोजी शेजारीच खुर्ची टाकून बसले, सोबत वाटेत घेतलेल्या स्ट्राँग बिअरच्या दोन बाटल्या. त्या संपल्यावर हुर्राक आली. लिमका, मीठ, लिंबू आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घातली की हुर्राक उन्हाळ्यात सरबतासारखी जाते. अर्धी बाटली गेली. आईने दोनदा जेवायला हाक मारली, ‘थांबा, बसलोय जरा’ म्हणून ते बसूनच. रात्री अकराला बाबांनी मागच्या वर्षीची फेणी काढली, तिचे दोन मोठे पेग झाले. जेवण न करताच झोपले.

पहाटे सहाला उठून म्हणाले, निघतो, दहाला ऑफिस गाठायचंय. बाबांनी चावी खिशात टाकली. म्हणाले, “जावईबापू, चावी माझ्याकडे राहू दे. दुपारचं जेवून मग निघा.” बरीच वादावादी झाली. शेवटी ते रागावून परत आडवे झाले, आणि दुपारी डोकं असं ठणकायला लागलं की खिडकी उघडी सोसवेना. आईने उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि कैरीचं लोणचं दिलं, तेव्हा कुठे संध्याकाळी उभे राहिले. तेव्हापासून घरात लग्न असो की बारसं, यांचं एकच पालुपद: “सासरवाडीच्या फेणीने मला आडवा केला, वर सासऱ्यांनी चावी काढून घेतली.” बाबांना ते फार लागलं होतं. त्यांनी बोलून दाखवलं नाही, म्हणून मी लिहितोय.

हिशोब करा. ६५० मिलीची ८ टक्क्यांची बिअर म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये १० ग्रॅम असतं, म्हणजे एका बाटलीत चार पेग. ‘बिअर म्हणजे काय दारू आहे का’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. दोन बाटल्यांचे ८२. अर्धी बाटली हुर्राक १५ टक्क्यांची धरली तर ४४. फेणीचे दोन मोठे पेग, ४०. एकूण १६६ ग्रॅम, त्यात फेणीचा वाटा जेमतेम चौथा. पण माणसाला शेवटचा पेला तेवढा आठवतो आणि तोच बदनाम होतो. ‘मिक्स केलं म्हणून चढली’ हीसुद्धा तीच गफलत. मिक्स केल्याने मोजदाद सुटते, बाकी काही नाही.

आता कारणं. अल्कोहोलपासून यकृतात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं, ते विषारी असतं, मग त्याचं अ‍ॅसिटेट होतं. दारूने लघवी जास्त होते, जठराचं अस्तर चिडतं, अंगात दाह वाढतो, झोप लागते पण उत्तररात्री तुटत राहते. हे सगळं मिळून हँगओव्हर, आणि तो सर्वांत जोरात असतो रक्तातली दारू शून्याकडे आलेली असताना. म्हणून डोकं पहाटे नाही, दुपारी ठणकलं. आंबताना बनणारे इतर पदार्थही त्रासात भर घालतात. ते व्होडकात कमी, बर्बनमध्ये भरपूर. फेणीचा तो घमघमाट त्यातूनच येतो, तेव्हा तिलाही मी निर्दोष म्हणत नाही. पण ते दुय्यम. मुख्य कारण एकूण ग्रॅम.

टाळायचं तर एकच खात्रीचा उपाय: कमी प्या, हळू प्या. आधी पोटभर जेवा, भात-मासे, भाकरी-रस्सा, काहीही. नुसत्या चकण्यावर भागत नाही. मधून मधून पाणी प्या, त्याने तहान आणि कोरड कमी होते, हँगओव्हर टळतोच असं नाही. कॉफीने दारू उतरत नाही. सकाळी ‘उतारा’ म्हणून पुन्हा थोडी दारू घेऊन त्रास फक्त पुढे ढकलला जातो. हँगओव्हरच्या म्हणून विकतात त्या गोळ्यांवर पैसे घालवू नका.

हो, आणि दारू प्यायल्यावर डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल घेत सुटू नका, यकृतावर भार पडतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी पिऊन साखर धोकादायक खाली जाऊ शकते. कोणी बेशुद्ध असेल तर लिंबूपाणी पाजू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. कुठलीतरी अनोळखी दारू पिऊन दुसऱ्या दिवशी धूसर दिसायला लागलं तर तो हँगओव्हर नव्हे, मिथेनॉलची विषबाधा असू शकते. तडक हॉस्पिटल गाठा. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत असल्या दारूने शंभरावर माणसं गेली.

राहिली चावी. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल संपवतं. उदार होऊन १० धरले, तरी संध्याकाळी पाच ते पहाटे सहा या तेरा तासांत १३० ग्रॅम गेले. ३६ उरले. सत्तर किलोच्या माणसात ते कायद्याच्या मर्यादेच्या, म्हणजे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या, दुपटीहून जास्त भरतात. त्या रक्तानिशी, ताईला शेजारी बसवून, चोर्ल्याची वळणं चढायची होती. बाबांनी चावी दिली नाही ते बरोबरच केलं. भावोजी, पुढच्या लग्नात ती गोष्ट जरूर सांगा, पण हे आकडेही सांगा.