विजाणू नको, इलेक्ट्रॉनच राहू द्या

प्रश्न : धातूतल्या ‘मुक्त इलेक्ट्रॉन’ला ‘मुक्त विजाणू’ म्हटलेले चालेल का? आणि ‘अर्धवाहक’मधले (सेमीकंडक्टर) ‘अर्ध’ म्हणजे निम्मे का?

‘विजाणू’ चालणार नाही. हा शब्द ऐकला की दर वेळी माझा संताप होतो. वीज अधिक अणू, म्हणजे विजेचा अणू. पण ज्याला आपण अणू म्हणतो, त्याच्या पोटातच इलेक्ट्रॉन असतात! हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक एकट्या इलेक्ट्रॉनपेक्षा १८३६ पट जड. ‘सिलिकॉनचा अणू बंधासाठी चार विजाणू वापरतो’ हे वाक्य वर्गात म्हणून पाहा. कोण कोणाच्या आत, ते विद्यार्थ्याला कळणारच नाही.

भाषाशुद्धीचे कैवारी लगेच जीवाणू-विषाणूंचे दाखले देतात. अणू म्हणजे नुसते ‘अतिसूक्ष्म’, असे त्यांचे म्हणणे. जीवशास्त्रात ते खपते, कारण तिथे जीवाणूशेजारी कार्बनचा अणू सहसा उभा नसतो. घनपदार्थांच्या भौतिकीत दोघे एकाच वाक्यात येतात, म्हणून तो दाखला इथे कुचकामी आहे. आयरिश शास्त्रज्ञ स्टोनीने १८९१ मध्ये ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव दिले ते विद्युतभाराच्या मूळ एककाला, कणाला नव्हे, एवढे मात्र त्यांच्या बाजूने मान्य करतो. पण १८९७ नंतर, इंग्रज शास्त्रज्ञ जे. जे. थॉमसनच्या प्रयोगांनी कण हाती लागल्यावर, ते नाव कणालाच चिकटले.

आणि काय नाव आहे! ग्रीक ‘एलेक्ट्रॉन’ म्हणजे तृणमणी, झाडाच्या चिकाचा जीवाश्म झालेला पिवळा खडा. लोकरीवर घासला की काडीकचरा ओढून घेतो. संस्कृताने ‘तृणमणी’ म्हटले ते त्यावरूनच. फारसीत तोच ‘काहरुबा’, म्हणजे गवत पळवणारा. अरबीत त्याचे ‘कहरबा’ झाले आणि आज अरबीत विजेलाच तो शब्द आहे. तीन भाषांनी एकाच काडीकडे पाहिले आहे.

आता खरी मौज. तृणमणी पक्का विरोधक, म्हणजे वीज वाहू न देणारा. त्यातल्या इलेक्ट्रॉनांचा ऊर्जेचा पट्टा (त्यांना मुभा असलेल्या ऊर्जांची श्रेणी) पूर्ण भरलेला, वरचा रिकामा पट्टा फार दूर; म्हणून त्यांना हलायला वाव नाही. घासून पृष्ठभागावर आलेला भार कुठे सरकू शकत नाही, म्हणून तर काडी ओढली जाते. पण ग्रीकांनी ‘एलेक्ट्रॉन’ म्हटले ते सोन्याचांदीच्या मिश्रधातूलाही, बहुधा दोघांच्या पिवळ्या झळाळीमुळे. लिडियातली (आजच्या तुर्कस्तानातले प्राचीन राज्य) जुनी नाणी याच मिश्रधातूची. तो उत्तम वाहक! त्याचे वरचे पट्टे अर्धवट भरलेले, त्यामुळे थोडी ओढ लागली तरी इलेक्ट्रॉन हलतात. म्हणजे एकाच शब्दात विरोधकही आहे आणि वाहकही; घनपदार्थांच्या भौतिकीची दोन्ही टोके त्या नावात मावली आहेत. ग्रीकांना यातले काही ठाऊक नव्हते, तरी इतके नेमके नाव मला दुसरे सापडलेले नाही. ते पुसून ‘विजाणू’ लिहिणाऱ्यांनी आधी या शब्दाचा इतिहास वाचावा.

‘मुक्त’चे काय? तो राहू द्या, पण ‘इलेक्ट्रॉन तारेतून सुसाट धावतात’ असे मात्र लिहू नका. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत एक अँपिअर प्रवाह असताना इलेक्ट्रॉनांची सरासरी सरक तासाला पाव मीटरच्या आसपास भरते. बटण दाबताच दिवा लागतो, कारण तारेभर पसरलेले इलेक्ट्रॉन जवळपास एकदमच हलू लागतात.

राहिले ‘अर्ध’. अर्धोन्मीलित डोळे कोणी पट्टी लावून मोजत नाही, तसेच हे. खोलीच्या तापमानाला शुद्ध सिलिकॉनमध्ये तांब्याच्या एक लाख कोटीव्या हिश्शाइतकेही सुटे इलेक्ट्रॉन नसतात. निम्म्याची बातच नको. शिवाय तापवल्यावर तांब्याचा रोध वाढतो, तर सिलिकॉनचा घटतो, कारण उष्णतेने आणखी इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात चढतात. फॅरडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये ही उलटी चाल पाहिली, तेव्हा ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव जन्मायला अजून ५८ वर्षे होती.