गुळाच्या पिशवीवरचं 'जॅगरी'

निपाणी भागात गुऱ्हाळ चालवणाऱ्या एका वाचकांनी विचारलं आहे: "एक किलोच्या पिशवीवर तीन भाषांत नाव छापतोय. मराठीत गूळ, कन्नडमध्ये बेल्ल, इंग्रजीत जॅगरी. पहिली दोन आमच्या तोंडची. हे जॅगरी कुठलं? पोरगा म्हणतो, ढेप फोडली की कडा वेड्यावाकड्या निघतात, म्हणून इंग्रजीतल्या 'जॅग्ड'वरून आलं असेल. छापखानावाला म्हणतो, त्यापेक्षा ब्राउन शुगर लिहा."

मुलाचं निरीक्षण मला आवडलं, पण 'जॅग्ड'शी या शब्दाचं काही नातं नाही. जॅगरीचं मूळ आपल्याकडेच आहे आणि तो शब्द तुमच्या घरात रोज बोलला जातो. तो म्हणजे साखर.

संस्कृतात 'शर्करा' म्हणजे मुळात खडे, रेव. आयुर्वेदात लघवीतून पडणाऱ्या बारीक खड्यांनाही शर्करा म्हणतात. उसाचा रस आटवून दाणे पडू लागले, तेव्हा तेच नाव त्या गोड दाण्यांना मिळालं. त्याची मराठीत साखर झाली, कन्नडमध्ये सक्करे. चिकोडी-हुक्केरीकडे कारखान्याच्या पाटीवर 'सक्करे कारखाने' असतं, ते कन्नड न येणाऱ्यालाही वाचून दाखवलं की लगेच कळतं.

खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे हा शब्द दाणेदार साखरेला चिकटला, गुळाला वेगळी नावं राहिली. केरळात उलट झालं. मल्याळममध्ये 'शर्करा' म्हणजे गूळ, पांढऱ्या साखरेला 'पंचसार'. शर्करेचंच तिथलं दुसरं रूप 'चक्कर'. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, पाठोपाठ पोर्तुगीज व्यापारी मलबारच्या किनाऱ्यावर रुळले आणि 'चक्कर'चं त्यांच्या तोंडी 'जागरा' झालं. सोळावं शतक संपता संपता ते इंग्रजीत पोचलं. तेव्हा त्याचा अर्थ मुख्यतः ताडा-माडाच्या रसाचा गूळ असा होता, उसाचा गूळ नंतर त्यात आला.

हा शब्द गोव्यातून गेला असेल का? तसं दिसत नाही. चोर्ला घाट उतरलात की कोकणी माणूस गुळाला 'गोड' म्हणतो. गूळ, बेल्ल, गोड, आपल्या आसपासच्या तिन्ही भाषांतल्या या नावांतून 'जागरा' निघणार नाही. म्हणूनच तो आपल्याला इतका परका वाटतो. सुपारीचं इंग्रजी नाव 'अरेका' आणि काथ्याचं 'कॉयर' हेही त्याच मलबारी बंदरांतून गेलेले. अरेकाशेजारी कन्नड 'अडिके' ठेवून बघा, नातं लगेच दिसेल.

इंग्रजीतलं 'शुगर'सुद्धा शर्कराच. फक्त ती वेगळ्या वाटेनं गेली: फारसी शकर, अरबी सुक्कर, मग लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत, जॅगरीच्या तीनेकशे वर्षं आधी. एकच शब्द इंग्रजांच्या घरी दोनदा आला, एकदा खुष्कीनं आणि एकदा समुद्रावरून, आणि ही सख्खी भावंडं आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. 'कँडी' ही आपली 'खंड', म्हणजे तुकडा. फारसीत तिची 'कंद' झाली. १८७९ मध्ये डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम चालू असताना सॅकरिन हा कृत्रिम गोड पदार्थ सापडला. त्यात उसाचा थेंब नाही, नाव मात्र ग्रीक-लॅटिनमधून आलेल्या शर्करेचंच.

आपला 'गूळ' या कुळातला नाही. तो संस्कृत 'गुड'वरून आला, म्हणजे गोळा. शर्करा नाव दाण्यावरून पडलं, गुड नाव आकारावरून. काहिलीतून उतरवून गुळाचा रवा, म्हणजे ढेप, बांधणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. 'बेल्ल' तर थेट द्राविडी, तमिळमध्ये 'वेल्लम'. संक्रांतीला आपण 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणतो, तेव्हा शेजारच्या घरात 'एळ्ळु-बेल्ल' वाटतात आणि तेही चांगलंच बोलायला सांगतात.

आता पिशवीचं. ब्राउन शुगर छापू नका. बाजारात त्या नावानं मिळते ती बहुतेक वेळा पांढऱ्या साखरेला मळी लावून केलेली असते. तुमचा माल काकवी न काढता आटवलेला अख्खा रस आहे. जॅगरीच लिहा, आणि छापायला देण्याआधी स्पेलिंगमध्ये 'g' हे अक्षर दोनदा आहे ना, ते बघा.