पेटंटचा अर्ज भरणार असशील तर

सेन्सरच्या संकेतावर चालणाऱ्या ब्रेकची तुझी कल्पना झकास आहे, पण चारचौघांत दाखवण्याआधी तात्पुरता अर्ज भर. पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रामला मात्र आपल्याकडे पेटंट नाही, तेव्हा सेन्सरकडून आलेल्या संकेताने ब्रेकमध्ये नेमकं काय बदलतं, ते लिही.

खरी मेहनत दाव्यांवर घे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोस ते सांगणाऱ्या वाक्यांवर. पुण्याच्या बजाजचं 195904 क्रमांकाचं पेटंट काढून वाचच. त्यातला दावा असा: चार स्ट्रोकचं इंजिन, सिलिंडरचा व्यास 45 ते 70 मिमी, समोरासमोर दोन स्पार्क प्लग आणि प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह. टीव्हीएसच्या इंजिनात व्हॉल्व्ह तीन होते, आणि त्याने बजाजच्या पेटंटचा भंग होतो की नाही, यावरून केवढा वाद रंगला! मसुद्यातला प्रत्येक आकडा असाच तपासून घे, ‘दोन’ऐवजी ‘किमान दोन’ चालेल का, हे पेटंट एजंटला आधीच विचार.