पद नसले तरी जबाबदारी असतेच : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगर आणि सुदामानगर भागांतील काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहोत. चर्चमध्ये आमची नावे आहेत आणि रविवारच्या उपासनेला आम्ही जातो. पण गेली काही वर्षे बुधवारी संध्याकाळी एकेका घरी जमून शास्त्रवाचन करतो, भजने गातो, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. त्यातून महू आणि देवास येथेही अशीच मंडळे उभी राहिली असून आता धार जिल्ह्यातील खेड्यांतून बोलावणे आले आहे. आमच्यात पाळक नाही, अध्यक्ष नाही, सभासदत्वाची पावती नाही, आणि पदांवरून झालेली भांडणे पुष्कळ पाहिल्यामुळे आम्हांला ती नकोतच. मात्र हल्ली प्रत्येक लहानमोठी गोष्ट मलाच विचारली जाते. मी नेता नाही असे मी सर्वांना सांगतो, तरी माझ्याशिवाय काही ठरत नाही. कोणतीही उतरंड न उभारता अशा सुवार्ताकार्याचे नेतृत्व कसे करावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ‘माझ्याशिवाय काही ठरत नाही’ हे तुम्ही स्वतःहून लिहिले याबद्दल तुमचे मनापासून आभार, कारण असे घडत असते तेव्हा ज्याच्या बाबतीत ते घडते त्याच्या ध्यानात ते बहुधा सर्वांत शेवटी येते. तुम्ही नेते आहातच. प्रश्न एवढाच आहे की तुमचे नेतृत्व कोणाला विचारता येईल, अडवता येईल आणि वेळ आल्यास बदलता येईल, अशी काही सोय तुमच्या मंडळांत आहे का. चर्चच्या कमिटीतील सेक्रेटरीला वार्षिक सभेत हिशेब मागता येतो आणि पुढच्या निवडणुकीत घरी बसवता येते. पण ‘मी कोणीच नाही’ असे म्हणणाऱ्या दादांना काय विचारायचे, आणि कोणत्या सभेत? पदे काढून टाकली म्हणजे सत्ता नाहीशी होत नाही. ज्याचे घर मोठे, ज्याची वाणी चांगली, ज्याच्या मोटारीतून सगळे महूला जातात, त्याच्याकडे ती गुपचूप जाऊन बसते, आणि तिला नाव नसल्यामुळे तिच्याविषयी बोलणे म्हणजे त्या भल्या माणसाचा अपमान करणे ठरते.

उतरंड नको हा तुमचा निर्धार मला पूर्णपणे मान्य आहे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांना गुरू म्हणवून घेऊ नका, तुम्ही सर्व भाऊ आहात, असे स्पष्ट बजावले आहे. परंतु त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात भावाने अपराध केल्यास प्रथम एकट्याने, मग एकदोघांना सोबत घेऊन आणि त्यानेही न भागल्यास मंडळीपुढे कसे जावे, हे पायरीपायरीने सांगितले आहे. ज्यांच्यात कोणी मोठा नाही त्यांनाही कामाची रीत लागते. किंबहुना त्यांनाच ती अधिक लागते.

प्रेषित पौलाचे उदाहरण सगळेच देतात, पण त्यातील नेमकी गोष्ट बहुधा निसटते. उत्तर चीनमध्ये काम केलेले अँग्लिकन मिशनरी रोलंड ॲलन यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तिच्यावर बोट ठेवले. गलतिया, मासेदोनिया, अखया आणि आशिया या चार प्रांतांत पौलाने साधारण दहा वर्षांत मंडळ्या उभ्या केल्या आणि त्या त्यांच्या त्यांच्यावर सोपवून तो पुढे गेला. उलट आधुनिक मिशने एकाच ठिकाणी पिढ्यानुपिढ्या मुक्काम करून राहिली. पौल करिंथात दीड वर्ष राहिला आणि निघाला. मागे फूट पडली, ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ असे गट झाले, ख्लोवे नावाच्या स्त्रीच्या माणसांकडून ते त्याला कळले, आणि त्याने पत्रे लिहिली, माणसे पाठवली, विनवणी केली, रागावलासुद्धा. पण मंडळीचा कारभार त्याने परत आपल्या हाती घेतला नाही. जेथे तो जाई तेथे स्थानिक वडील, म्हणजे मंडळीची देखरेख करणारी जाणती माणसे, नेमले जात, आणि इफिसच्या वडिलांचा मिलेत येथे निरोप घेताना त्याने त्यांना सांगितले की माझे तोंड तुम्हांला पुन्हा दिसणार नाही. महू आणि देवासच्या मंडळांना असे काही सांगण्याची तुमची तयारी आहे का? निदान सलग तीन महिने तेथे न जाता तेथील बैठक कशी चालते ते पाहावे, असे मी सुचवीन.

धार जिल्ह्याकडे वळण्यापूर्वी प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय तुम्ही सर्वांनी एकत्र बसून वाचावा. यरुशलेमेत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत असल्याची कुरकूर उठली तेव्हा प्रेषितांनी चौकशी समिती नेमली नाही, की स्वतः वाटप करायला बसले नाहीत. त्यांनी समुदायाला सात माणसे निवडायला सांगितली, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती कोठाराच्या किल्ल्या गेल्या. आपली स्थिती यापेक्षा फार वेगळी नाही. तुम्ही मराठी बोलता, महू-देवासकडे हिंदी आणि माळवी चालते, आणि धारच्या खेड्यांत भिली, भिलाली किंवा निमाडी बोलणारी माणसे भेटतील. राजेंद्रनगरातील सुशिक्षित कुटुंबे शनिवारी गाडीतून उतरून मराठी भजने शिकवू लागली, तर कोणी अध्यक्ष नसतानाही उतरंड त्या क्षणी उभी राहील, आणि ती भाषेची व शिक्षणाची असल्यामुळे कमिटीच्या उतरंडीपेक्षा कठोर असेल. गावात पहिल्या दिवसापासून प्रार्थना तेथील माणसाने, त्याच्या बोलीत करावी. तुम्ही मागे बसून ऐकावे. त्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवावे, पण अर्थ त्याच्याकडून वदवून घ्यावा.

अशा चळवळींना नियमांची गरज कशी भासते हे क्वेकर लोकांच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्याभोवती जमलेल्या या लोकांनी पाद्री आणि विधी दोन्ही बाजूला ठेवले. प्रत्येकाला अंतरीचा प्रकाश थेट मिळतो, ही त्यांची श्रद्धा होती. १६५६ साली त्यांच्यातील एक प्रभावी वक्ते जेम्स नेलर येशूच्या यरुशलेम-प्रवेशाची आठवण व्हावी अशा थाटात घोड्यावर बसून ब्रिस्टल शहरात शिरले, आणि त्यांना अत्यंत क्रूर शिक्षा झाली. त्या प्रसंगाने सगळे हादरले, कारण एखाद्याला वाटलेली प्रेरणा खरी की खोटी हे ठरवण्याचे साधनच त्यांच्याकडे नव्हते. पुढे १६६०च्या दशकात फॉक्स यांनी गावोगावी मासिक सभा बसवल्या. पाद्री त्यांनी तेव्हाही नेमला नाही. एकट्याची प्रेरणा सर्वांच्या विचारासमोर ठेवण्याची रीत तेवढी घालून दिली. त्या सभांत आजही मतदान होत नाही. एक कारकून असतो; चर्चा ऐकून तो निर्णयाचा मजकूर तेथेच, सर्वांच्या समोर लिहितो, मोठ्याने वाचून दाखवतो, कोणी शब्द बदलायला सांगितल्यास बदलतो, आणि सर्वांना पटल्यावरच तो मजकूर नोंदला जातो. घरी जाऊन सोयीने इतिवृत्त लिहिण्याची संधीच कोणाला मिळत नाही. कारकुनाचे काम पाळीपाळीने बदलते. हे लोक आपल्याला परकेही नाहीत, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश क्वेकर नर्मदाकाठी होशंगाबादला, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला आले, आणि जवळच्या रसूलियाचे त्यांचे केंद्र मध्य प्रदेशात अनेकांना ठाऊक आहे. तुमच्या बुधवारच्या बैठकीला एक साधी वही पुरेल, पण ती वही तुमच्या हातात नसावी.

आपल्या मराठी परंपरेतील उदाहरण अधिक जिव्हाळ्याचे आणि म्हणून अधिक अवघड आहे. मंडळीने स्वतःचा कारभार, खर्च आणि प्रसार स्वतःच करावा, हा विचार लंडनचे हेन्री व्हेन आणि अमेरिकेचे रुफस अँडरसन या दोघा मिशन-सचिवांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मांडला, आणि १८५४-५५ मध्ये अँडरसन स्वतः अहमदनगरच्या मराठी मिशनच्या पाहणीसाठी आले होते. तरीही त्यानंतर साठ वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना मिशनचा पगार आणि मिशनची चौकट सोडावीशी वाटली. १९१७ साली त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात बंधू म्हणून स्थान दिले. त्या धाडसाविषयी मला नितांत आदर आहे. पण मे १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार त्या रूपात त्यांच्यामागे टिकला नाही, कारण तो फार मोठ्या प्रमाणात त्यांच्या एकट्याच्या व्यक्तिमत्त्वावर उभा होता आणि दुसऱ्या कोणाच्या हाती तो सोपवायला त्यांना दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. टिकले ते त्यांचे अभंग आणि भजने, कारण ती आधीच घराघरांत पोहोचली होती आणि ती म्हणायला टिळकांची परवानगी लागत नव्हती. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशनही कोणत्याही एका पंथाच्या अधिकाराखाली नव्हते. त्यांच्या कन्या मनोरमाबाई १९२१ मध्ये आणि रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, आणि तरी ते काम आजही चालू आहे. तेथे जमीन होती, घरे होती आणि नेमून दिलेली कामे करणारी अनेक माणसे होती. तुम्हांला जमीन नको असेल, पण नेमून दिलेली कामे हवीत.

म्हणून माझा सल्ला असा की प्रत्येक मंडळाने आपल्यातून दोन-तीन वडील ठरावीक मुदतीसाठी निवडावेत, त्यांत स्त्रिया असाव्यात, आणि एकाच कुटुंबातील दोघे नसावेत. सर्व मंडळांच्या वडिलांनी तीन महिन्यांतून एकदा पाळीपाळीने इंदूर, महू आणि देवास येथे भेटावे, आणि तेथे तुमच्याबद्दल तुमच्या समोर बोलण्याचा अधिकार त्यांना असावा. उपदेश, हिशेब आणि तंटे मिटवणे ही तीन कामे एकाच माणसाकडे कधीही देऊ नयेत. कोणी फोन करून ‘दादा, काय करू?’ असे विचारले तर उत्तर येत असले तरी ‘तुमच्या मंडळाच्या वडिलांना विचारलेत का?’ एवढेच म्हणावे. हे सर्वांत कठीण आहे, आणि हेच तुमचे आताचे मुख्य काम आहे.

प्रश्न : आमच्या मंडळातील अर्पण माझ्या मुलाच्या फोनवरील क्यूआर कोडवर जमा होते. तो प्रामाणिक आहे, पण आता परदेशातील एका ओळखीच्या मंडळीने मदत पाठवण्याची इच्छा कळवली आहे. संस्था नोंदवली नाही तर चालेल का?
— एक वाचक, देवास

उत्तर : मुलाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही, तरीही तो कोड आजच काढावा. यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने आपला सहकारी तीत याच्यासोबत मंडळ्यांनी निवडलेला भाऊ घेतला आणि करिंथकरांना लिहिले की एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी आम्हांला दोष लावू नये म्हणून आम्ही जपतो. केवळ प्रभूच्या नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते पाहतो. ज्याला प्रेषित म्हणून मान होता त्यानेही पैशाच्या बाबतीत केवळ ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे म्हटले नाही. बैठक संपताच, चहा येण्यापूर्वी, दोन वेगवेगळ्या घरांतील माणसांनी सर्वांसमोर पैसे मोजावेत, वहीत आकडा लिहून दोघांनी सही करावी आणि मागच्या वेळच्या खर्चाचा तपशील वाचून दाखवावा.

परदेशी पैशाबाबत माझे मत ठाम आहे : घेऊ नये. विदेशी अभिदाय विनियमन अधिनियम, २०१० प्रमाणे धार्मिक कार्यासाठी परदेशी देणगी घ्यायला केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात अशी मदत घेणे म्हणजे त्या माणसाला संकटात लोटणे होय. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या दिवशी बाहेरचा पैसा येतो त्या दिवसापासून पत्रव्यवहार करणारा, इंग्रजी जाणणारा माणूस आपोआप साहेब होतो. चादरी, औषधे, प्रवासखर्च एवढे तुमच्या घरांतून भागत असेल तर ते कामाच्या बेताचेच आहे.

आणखी एक गोष्ट याच संदर्भात सांगितली पाहिजे. मध्य प्रदेशाच्या २०२१ च्या धार्मिक स्वातंत्र्य अधिनियमात धर्मांतर करणाऱ्याने आणि ते करवणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवण्याची तरतूद आहे; तिला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, म्हणून सद्यस्थिती वकिलाकडूनच समजून घ्यावी. ‘आमच्यात कोणी प्रमुख नाही’ हे उत्तर पोलीस ठाण्यात उपयोगी पडत नाही. ज्याचे घर असेल त्याला बोलावले जाते. तेव्हा चौकशी झाल्यास कोण बोलेल, हे आधी ठरवून त्या माणसाची संमती घेतलेली असावी. मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागितली जात नाही, हे तर प्रत्येक बैठकीत उघडपणे सांगावे. ते कायद्यासाठी नव्हे, शुभवर्तमानासाठी सांगावे.

प्रश्न : पाळक नसताना घरच्या बैठकीत प्रभुभोजन (प्रभूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी) घेता येईल का?
— एक वाचक, महू

उत्तर : यावर ख्रिस्ती पंथांत एकमत नाही. १८३३ साली भारतात आलेले अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज यांच्यासारख्या ब्रदरन विचाराच्या लोकांनी दीक्षित पाळकाशिवाय भाकर मोडली आणि त्यांच्या परंपरेतील मंडळ्या आजही तसेच करतात. उलट चर्च ऑफ नॉर्थ इंडियात हा विधी दीक्षित पाळकानेच चालवायचा असतो. तुमची नावे तेथे आहेत, तोवर तेथील शिस्त मोडून घरी वेगळे प्रभुभोजन सुरू करू नये, कारण त्याने बुधवारची बैठक एका दिवसात वेगळा पंथ बनेल आणि तुमच्यातील वृद्धांना दोहोंतून एक निवडावे लागेल. पाळकसाहेबांना महिन्यातून एकदा घरी बोलवा, ते येतात. बाकीच्या बुधवारी एकत्र जेवा, आणि जेवणाआधीची प्रार्थना त्या घरातील सर्वांत लहान वाचता येणाऱ्या मुलाला म्हणू द्या.