वाचकांचे प्रश्न : घरगुती हवामापकासाठी सेन्सर कोणता?

प्रश्न : घरातील हवेची गुणवत्ता मोजणारे यंत्र मी स्वतः जोडत आहे. त्यासाठी एमक्यू-१३५ हा सेन्सर घेतला असून पडद्यावर कार्बन डायऑक्साइडचा आकडाही येतो. परंतु खोलीत मी एकटाच असताना तो मध्येच दुप्पट होतो. सेन्सर बिघडला असेल का? आणि धुळीसाठी कोणता सेन्सर घ्यावा?

उत्तर : सेन्सर बहुधा ठीक आहे, आपण त्याच्याकडून जे काम करून घेऊ पाहता, ते मात्र त्याचे नाही. एमक्यू-१३५ मध्ये टिन ऑक्साइडचा थर सतत तापवलेला असतो. अल्कोहोल, अमोनिया, धूर यांसारखे पदार्थ त्या थरावरील ऑक्सिजनशी अभिक्रिया करतात आणि थराचा विद्युतरोध बदलतो. कार्बन डायऑक्साइड अशी अभिक्रिया जवळपास करतच नाही, त्यामुळे पडद्यावरचा आकडा हा केवळ सूत्रातून काढलेला अंदाज असतो. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा सेन्सरजवळ धरून पाहा : कोणी श्वासही न सोडता आपला ‘कार्बन डायऑक्साइड’ झपाट्याने चढेल.

खरा कार्बन डायऑक्साइड हवा असेल, तर सुमारे ४.३ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश हा वायू किती शोषतो ते मोजणारा एनडीआयआर सेन्सर घ्यावा, किंवा त्याच शोषणातून उमटणारा सूक्ष्म ध्वनी टिपणारा एससीडी४१. यांपैकी बरेच सेन्सर, ठरावीक काळातील सर्वांत कमी नोंद म्हणजे बाहेरची ताजी हवा, असे गृहीत धरून स्वतःला दुरुस्त करून घेतात. ज्या खोलीच्या खिडक्या आठवडाभर बंदच असतात, तिथे हीच दुरुस्ती आकडा चुकवते. तिथे ही सोय बंद ठेवून सेन्सर अधूनमधून मोकळ्या हवेत नेऊन जुळवावा.

धुळीसाठी लेझर प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारा पीएमएस५००३ किंवा एसपीएस३० घ्यावा. यातला पीएम २.५ चा (२.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांचा) आकडा उपयोगी असतो, पण पीएम १० च्या (१० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांच्या) आकड्यावर मी फारसा भरवसा ठेवणार नाही. मोठे कण या सेन्सरांना नीट दिसत नाहीत आणि तो आकडा बराचसा बारीक कणांवरून बांधलेला असतो. पीएमएस५००३ चा पंखा ५ व्होल्टवर चालतो, मात्र संदेशाच्या तारा ३.३ व्होल्टच्याच असतात, हे जोडणीपूर्वी पाहून घ्यावे.

दमट हवेत मात्र फार जपावे लागते. आर्द्रता साधारण ७० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि धूळ तेवढीच असूनही आकडा वाढतो. धुके किंवा आर्द्रता वाढवणाऱ्या यंत्राचे तुषारही धूळ म्हणूनच मोजले जातात. म्हणून आर्द्रतेचा सेन्सर सोबत हवाच. तो एमक्यू-१३५ पासून शक्य तितका दूर बसवावा, कारण त्या तापकाच्या उष्णतेने जवळच्या हवेची सापेक्ष आर्द्रता खरीपेक्षा कमी दिसते.

खर्च झेपत असेल, तर धुळीचे एकाच प्रकारचे दोन सेन्सर घेऊन आठवडाभर शेजारी-शेजारी चालवावेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची पीएम २.५ ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीसाठी १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. आपल्या दोन सेन्सरांतच १० मायक्रोग्रॅमचा फरक पडत असेल, तर हवा त्या मर्यादेच्या अलीकडे की पलीकडे, हे यंत्रावरून ठरवू नये.