कपाळावरच्या पट्ट्या आणि उजव्या हाताचं बोट

वडील सहा दिवस एकमोवर (हृदय-फुप्फुसांचं काम शरीराबाहेरून करणारं मशीन), डोळे उघडत नाहीत, कपाळावर दोन पट्ट्या आहेत आणि त्यांचा आकडा काल 66 होता तो आज 60 झाला, म्हणजे मेंदूला काही झालं का, असं तुम्ही विचारलंय. मी 19 वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. तुमच्या वडिलांचं निदान मी इथून करणार नाही. आम्ही काय बघतो, तेवढं सांगते.

त्या पट्ट्या कवटीतून प्रकाश पाठवून खालच्या रक्तात ऑक्सिजन किती आहे, ते मोजतात. नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, त्याच पेशंटच्या सुरुवातीच्या आकड्याशी तुलना करायची. साधारण 20 टक्के उतरला की आमची धावपळ सुरू. दोन्ही बाजू एकदम उतरल्या तर आधी बीपी, हिमोग्लोबिन, कार्बन डायऑक्साइड बघतो. एकच बाजू घसरली तर लगेच डॉक्टरांना फोन. पण पट्टीला फक्त कपाळामागचं दिसतं. मागच्या भागात स्ट्रोक झाला तर तिला पत्ताही लागत नाही.

नळ्या मांडीतून घातल्यात म्हणालात आणि हृदयासाठीचा एकमो आहे. मग ऑक्सिजनचा प्रोब, म्हणजे बोटाला लावतात तो चिमटा, उजव्याच हाताला आहे ना, बघा. मशीनचं लालभडक रक्त खालून वर चढतं. हृदय सुधारून स्वतः पंप करू लागलं आणि फुप्फुसं अजून खराब असली, तर कमी ऑक्सिजनचं रक्त आधी मेंदूला आणि उजव्या हाताला जातं. एका रात्री आमच्याकडे कुणीतरी बोटं गार लागतात म्हणून प्रोब डाव्या हाताला लावला. 98 बघून सगळे खूश. राउंडला आलेल्या सरांनी तो उजवीकडे लावला, तर 82!

खरी परीक्षा मात्र झोपेचं औषध कमी केल्यावर. तोंडात नळी असल्याने बोलणं नाहीच, म्हणून 'अंगठा दाखवा, मूठ वळा' असं सांगून बघतो. किडनी मंदावली असेल तर औषध बंद करूनही दिवस-दोन दिवस गुंगी राहते, तेवढ्यावरून धीर सोडू नका. डोळ्यांच्या बाहुल्या दर तासाला टॉर्चने बघतो. फेंटानिल या वेदना कमी करणाऱ्या औषधाने त्या बारीक होतातच. एक मोठी होऊन प्रकाशाला हलली नाही, तर ती इमर्जन्सी. औषध उतरूनही जाग नसेल तर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, सांगतात, कारण हातपाय न झटकताही फिट चालू असू शकते. सीटीला न्यायचं म्हणजे मशीनसकट पाच-सहा जणांची वरात, त्यामुळे रोज सीटीचा आग्रह धरू नका.

डॉक्टर भेटले की आकडा विचारण्यापेक्षा हे विचारा: आज झोपेचं औषध किती वेळ बंद होतं आणि तेव्हा काय दिसलं?

आणखी एक. घरी त्यांना काय हाक मारता, ते सिस्टरला सांगा. 'आजोबा, आजोबा' म्हणून आम्ही थकलो होतो, ते गृहस्थ 'नाना' म्हटल्यावर डोळे उघडून बघायला लागले. आणि कानाचं मशीन लावत असतील तर उद्या येताना घेऊन या.